हा लाँग बे : एक रात्र पाण्यावर काढायची की दिवसात बघून परतायचं?

पंचगंगाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पाच जण व्हिएतनामला निघालोय. आबा (७१), आई (६६), मी, बायको आणि नऊ वर्षांचा मुलगा. मुंबई-हनोई तिकिटं काढून झाली. बाकी सगळं ठरलंय, घरात अडलंय ते एकाच गोष्टीवर.

आबांना हा लाँग बेमध्ये बोटीवर एक रात्र मुक्काम करायचाय. त्यांनी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. चुनखडीचा धडा आला की फळ्यावर समुद्रातून वर आलेले सुळके काढायचे आणि म्हणायचे, पोरांनो, हे मी बघितलेलं नाही, पण आहे. आता ते स्वतः बघायचं म्हणतायत, आणि तेही घाईत नाही, संध्याकाळ आणि पहाट धरून.

आईचं म्हणणं, दिवसा काय बघायचं ते बघा, रात्री मी पाण्यावर झोपणार नाही. हा तिचा हट्ट नाही. २०१९ च्या कोल्हापूरच्या पुरात आम्ही दोन रात्री वरच्या मजल्यावर काढल्या. जिन्याच्या सातव्या पायरीपर्यंत पाणी, लाइट नाही, खाली भांडी एकमेकांवर आपटत होती तो आवाज रात्रभर. तिसऱ्या दिवशी रबरी बोटीतून बाहेर काढलं. तेव्हापासून रात्री टाकी भरून वाहायला लागली तरी ती उठून बसते.

तर ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा. रात्रीचा मुक्काम खरंच इतका वेगळा असतो का? की हनोईहून सकाळी जाऊन रात्री परतणारी सहल पुरे? दोघांचेही गुडघे कुरकुरतात, तेही लक्षात घ्या.

भडंगवाला

भावा, जायचंच. नाद खुळा जागा हाय. आबांना खिडकीची खोली दे.

उचगावची वैशाली

मी दोन वर्षांमागं मार्चमध्ये गेलो होतो, सासूबाई बरोबर होत्या, वय ६९. त्यामुळं तुमचा प्रश्न पुरता कळला. सविस्तर लिहितो.

सकाळी आठच्या सुमारास हनोईच्या जुन्या भागातनं गाडी घेते. अंतर दीडशे किलोमीटरच्या वर, पण रस्ता चांगला, अडीच-तीन तासांत धक्क्यावर. तिथनं छोट्या बोटीनं मोठ्या बोटीवर नेतात. साडेबारापर्यंत खोली मिळते, जेवण होतं आणि बोट बेटांच्या मधनं चालायला लागते. दुपारी एखादी गुहा, मग कयाक नाहीतर बांबूची नाव. इथपर्यंत दिवसाच्या सहलीत आणि ह्यात फार फरक नाही.

फरक पडतो साडेपाचनंतर. दिवसाच्या बोटी एकेक करून धक्क्याकडं वळल्या. दुपारभर इंजिनांची घरघर होती, ती विरत गेली. आमची बोट ठरलेल्या जागी थांबली, नांगराची साखळी खडखडत खाली गेली आणि मग असं शांत झालं की स्वयंपाकघरातला कांदा चिरल्याचा आवाज वर डेकवर येत होता. पाणी हिरवं होतं ते राखाडी झालं, मग काळं. समोरच्या कड्यावर एक पक्षी ओरडला की त्याचा आवाज मागच्या कड्यावर आपटून परत यायचा. सासूबाई म्हणाल्या, जोतिबाच्या डोंगरावर पहाटे असं ऐकू येतं.

रात्री मागच्या बाजूला पाण्यावर दिवा सोडतात आणि हातात बांबूची काठी देतात, माकुल पकडायला. दिव्याच्या उजेडात बोटभर लांबीची माकुलं वर येतात. काचेसारखी आरपार असतात, आतली शाईची पिशवीसुद्धा दिसते. आम्हाला एकही मिळालं नाही, तरी सासूबाई अकरापर्यंत काठी धरून बसल्या. घरात नऊला झोपणारं माणूस!

गुडघ्यांचं: सुंग सोट गुहेला पायऱ्या खूप, सासूबाई निम्म्यातनं परत फिरल्या. टी टॉप बेटाच्या माथ्यावर जायला चारशेच्या वर पायऱ्या, तिथं त्या खाली वाळूत बसून राहिल्या. तुम्ही लान हा बाजूची बोट घ्या, हा लाँगला लागूनच असलेलं आखात ते. तिकडं बांबूच्या नावेतनं गुहेच्या आतनं नेतात, चढायचं कमी. छोट्या बोटीतनं मोठ्या बोटीत पाय टाकताना मात्र हात धरायला माणूस पाहिजे.

आणि हलायचं म्हणाल तर रात्री ताटातलं पाणीसुद्धा हललं नाही. बेटांनी लाटा अडवलेल्या असतात. बोट लागायची भीती मनातनं काढा.

कोथरूडकर

उत्तम माहिती. एक विचारू का, वैशाली, आपण ताई की दादा? 'गेलो होतो', 'लिहितो' वाचून गोंधळलो.

कागलचा पैलवान

कोथरूडकर, आमच्याकडं बायका असंच बोलतात. माझी आजी पण 'मी आलो, मी जेवलो' म्हणायची. नवीन सून दुसऱ्या जिल्ह्यातनं आली की वर्षभरात तीही 'जातो, येतो' म्हणायला लागते.

उचगावची वैशाली

ताई आहे. सासूबाई पण 'मी झोपणार नाही, माकुल धरतो' असंच म्हणत होत्या. :)

हिशोबी माणूस

मी वेगळं मत मांडतो. आम्ही चार मित्र दिवसाची सहल करून आलो, माणशी साडेतीन हजारांच्या आसपास पडली, जेवण आणि गुहा धरून. रात्रीच्या बोटीला बरी खोली म्हटली की माणशी बारा-पंधरा हजार. पाच माणसांचा फरक पन्नास हजारांकडं जातो. तेवढ्यात निन्ह बिन्हला दोन दिवस आरामात होतात. तिथंही चुनखडीचेच डोंगर, फक्त समुद्राऐवजी भातशेतीतून आणि नदीतून वर आलेले. तिथला त्रांग आन हा भाग २०१४ पासून जागतिक वारसा यादीत आहे. वल्हवणाऱ्या बायका तुम्हाला डोंगराखालच्या बोगद्यांतून नेतात, दोन-तीन तास. संध्याकाळी जमिनीवर झोपायचं. तुमच्या आईंचाही प्रश्न सुटतो.

ई-व्हिसाबद्दल कोणी विचारलं नाही तरी सांगतो: सरकारी साइटवर एक प्रवेशाचा २५ डॉलर, ९० दिवसांपर्यंत मिळतो. मिळत्याजुळत्या नावाच्या खासगी साइट जास्त पैसे घेतात. नाव पासपोर्टवर आहे तसंच्या तसं भरा.

रंकाळा संध्याकाळ

हिशोब बरोबर आहे, निन्ह बिन्ह सुंदरच आहे. पण दिवसाच्या सहलीत पाच-सहा तास गाडीत जातात आणि पाण्यावर जेमतेम चार-पाच, तेही सगळ्यात गर्दीचे. आबांना ज्या दोन वेळा हव्यात त्या नेमक्या त्यात नाहीत. रंकाळ्यावर दुपारी बारा वाजता जाऊन 'बघितला रंकाळा' म्हणता येतं, पण संध्याकाळी चौपाटीवर बसल्याशिवाय तो कळत नाही.

आंबेवाडीची सून

पंचगंगाकाठ, तुमच्या आईंबद्दल वाचून राहवलं नाही. आमचं घर आंबेवाडीत. २०१९ ला मी सहा महिन्यांची गरोदर होते. बोटीत बसवताना नवरा मागं राहिला कारण जागा नव्हती. बोट घराच्या कोपऱ्यावरून वळली आणि तो दिसेनासा झाला, तो क्षण अजून अंगावर येतो. पुढं चार वर्षं मी नरसोबाच्या वाडीला गेले तरी घाटाच्या पायऱ्या उतरले नाही.

आईंना 'काही होत नाही' म्हणू नका. त्यांनी काय झालं ते बघितलंय, त्यांना हे वाक्य खोटं वाटणार. मला उपयोग झाला तो छोट्या छोट्या माहितीचा. दार आतून कसं उघडतं. जॅकेट कुठं ठेवलंय. खोलीतून डेकवर यायला किती पावलं. किनारा कुठल्या दिशेला. हे कळलं की पोटातला गोळा थोडा सैल होतो. जायच्या आधी एक-दोनदा दिवसाउजेडी रंकाळ्यावर बोटीत बसवून बघा. आणि शेवटी नको म्हणाल्या तर नको. आबांना मुलाबरोबर पाठवा, तुम्ही दोघं आईंजवळ किनाऱ्यावर थांबा.

पंचगंगाकाठ

तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, तिचं बाळ बरंय ना, विचार.

आंबेवाडीची सून

बरंय. मुलगी आहे, शाळेत जाते. सांगा त्यांना.

खडकवेडा

आबांना माझा नमस्कार सांगा, मीही भूगोल-भूगर्भशास्त्राचा. थोडं अवांतर, पण त्यांना आवडेल.

हा लाँगचा चुनखडक कोट्यवधी वर्षांपूर्वी उथळ समुद्राच्या तळाशी साचला. नंतर जमीन वर आली. पावसाच्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून ते किंचित आम्ल होतं, आणि चुनखडक अशा पाण्यात विरघळतो. भेगांतून पाणी शिरत गेलं, मधला भाग खचला, सुळके उरले. शेवटच्या हिमयुगानंतर समुद्राची पातळी वाढली आणि पाणी त्या डोंगरांच्या मधल्या दऱ्यांत घुसलं. म्हणजे आबा ज्यांच्यामधून बोटीतून जातील ती मुळात बेटं नाहीत, बुडालेल्या डोंगररांगेचे माथे आहेत. बोटीखाली दऱ्या आहेत.

आपला सह्याद्री बेसाल्टचा, लाव्हाचे थर. तो विरघळत नाही, म्हणून आपल्याकडं अशा नैसर्गिक गुहा नाहीत, आपल्या लेण्या माणसांनी टाकीनं कोरलेल्या. पन्हाळ्यावर वर जांभा, खाली बेसाल्ट. नातवाला हे दोन्ही दाखवलं तर एका सुट्टीत दोन धडे होतील.

बघण्यासारखी एक बारीक गोष्ट: प्रत्येक बेटाच्या पायथ्याशी पाण्याच्या रेषेला खडक आत खाल्लेला असतो. काही ठिकाणी बेट खाली निमुळतं आणि वर रुंद दिसतं, कमरेला पट्टा आवळल्यासारखं. समुद्र आणि खडकाला चिकटून राहणारे जीव दोघं मिळून ती खाच पाडतात.

१९९४ ला हा लाँग जागतिक वारसा यादीत आलं ते सौंदर्यासाठी, २००० ला पुन्हा आलं ते ह्या भूरचनेसाठी. २०२३ मध्ये शेजारचा कात बा द्वीपसमूहही त्यात जोडला. कात बावर एक वानर आहे, सोनेरी डोक्याचं, जगात फक्त त्याच बेटावर आणि शंभराच्या आत उरलेलं. दिसेल असं नाही, पण पोराला दुर्बीण द्या.

भडंगवाला

हा लाँग म्हणजे 'उतरता ड्रॅगन'. शत्रू चालून आला तेव्हा ड्रॅगन आई पोरांसकट आकाशातनं उतरली, तोंडातनं रत्नं टाकली आणि त्यांची बेटं झाली, अशी तिथली गोष्ट. गाईडनं सांगितली तेव्हा आमच्यातला एकजण म्हणाला, म्हणजे कोल्हासुर आणि अंबाबाई. लगेच पटलं सगळ्यांना.

आणि एक: दोन लाख डाँगची नोट जपून ठेवा. तिच्यावर इथलाच एक खडक छापलाय, उदबत्तीच्या भांड्यासारखा. बोट त्याच्याजवळनं गेली की सगळे नोट हातात धरून फोटो काढतात. माझी नोट वाऱ्यानं उडाली होती, शेजारच्या जपानी आजोबांनी झडप घालून पकडली.

गडकिल्ले भटक्या

व्हिएतनाम म्हटलं की सांगावंसं वाटतं, अमेरिकेला हरवताना त्यांनी शिवाजी महाराजांच्या गनिमी काव्यापासून प्रेरणा घेतली होती. तिथल्या नेत्यांनी तसं बोलून दाखवलंय म्हणे.

जुना दप्तरी

हा मजकूर वर्षानुवर्षं मोबाइलवर फिरतोय. त्याला आधार म्हणून एकही कागद, भाषण किंवा तारीख कोणी पुढं ठेवलेली नाही. महाराजांचं मोठेपण सिद्ध करायला अशा आधाराची गरज नाही, म्हणून पसरवू नये ही मनापासून विनंती.

पण त्यांच्या इतिहासात एक खरी लढाई आहे जी आपल्याला जवळची वाटेल, आणि ती ह्याच परिसरातली. १२८८ मध्ये मंगोलांचं आरमार बाख डांग नदीतून परतत होतं. सेनापती त्रान हुंग दाओनं नदीच्या तळात टोकदार लाकडी खुंट ठोकून ठेवले होते. भरतीच्या वेळी ते पाण्याखाली, दिसत नव्हते. व्हिएतनामी होड्यांनी शत्रूला आत ओढलं, ओहोटी लागली आणि मोठी जहाजं खुंटांवर अडकली. त्याआधी ९३८ मध्ये न्गो क्वेननं त्याच नदीत चिनी आरमाराविरुद्ध हीच युक्ती केली होती. विजयदुर्गाजवळ पाण्याखाली जी भिंत आहे तिची आठवण येते. समुद्राची नाडी ओळखणारी माणसं सगळीकडं सारखाच विचार करतात.

गडकिल्ले भटक्या

धन्यवाद दप्तरी. पुढं पाठवणार नाही. आणि बाख डांगबद्दल प्रथमच वाचलं, नकाशात शोधतोय.

दर्यावर्दी राधानगरी

बारा वर्षं जहाजावर इंजिन खात्यात काढली, आता गावी शेती. सुरक्षेबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, कुणाला घाबरवायला नाही.

२०११ च्या फेब्रुवारीत टी टॉपजवळ रात्री नांगरलेली एक बोट पहाटे बुडाली. प्रवासी झोपेत होते, बारा माणसं गेली. आणि २०२५ च्या जुलैत भर दुपारी अचानक आलेल्या वादळात दिवसाची एक पर्यटक बोट उलटली, तीसहून जास्त माणसं गेली, त्यात लहान मुलं होती. म्हणजे दिवसा सुरक्षित आणि रात्री धोका, असा सरळ हिशोब नाही. हंगाम आणि बोट, दोन्ही बघायचं.

हंगाम तुमचा चांगला आहे. वादळं मुख्यत्वे जून ते ऑक्टोबर. नोव्हेंबरमध्ये हवा बहुतेक कोरडी आणि आकाश मोकळं. डिसेंबर ते मार्च थंडी, धुकं, झिमझिम, तेही सुंदर पण दूरचं दिसत नाही.

बोट पोलादी सांगाड्याची घ्या. खोली सगळ्यात खालच्या मजल्यावरची नको, वरची मागा, थोडे पैसे जास्त पडले तरी. चढल्या चढल्या जॅकेट काढून स्वतः बांधून बघा, पोराच्या मापाचं आहे का ते विचारा, नसेल तर तिथंच मागा. ते नीट दाखवत नसतील तर लाजू नका, पुन्हा विचारा. जहाजावर पहिल्या दिवशी आम्हीही तेच करायचो, कितीही जुना खलाशी असला तरी. वाऱ्याचा इशारा आला तर बंदरखातं बोटी सोडत नाही. तसं झालं तर वाद न घालता हनोईला परतायचं.

दप्तरींच्या लढाईला एक पुरवणी. आपल्या कोकणात भरती दिवसातून दोनदा. तिथल्या आखाताच्या आकारामुळं चोवीस तासांत एकच भरती आणि एकच ओहोटी, आणि उधाणाला फरक चार मीटरपर्यंत जातो. खुंटांची युक्ती जमली ती ह्यामुळंच. पाणी सावकाश चढतं, सावकाश उतरतं.

अपर्णा जयसिंगपूर

बंदरखात्याचं अगदी खरं. आम्ही सप्टेंबरमध्ये गेलो होतो. सकाळी धक्क्यावर पोचलो आणि वाऱ्यामुळं सगळ्या बोटी थांबवल्या. त्याचं दुःख नाही, जीव मोठा. पण ज्या एजंटाकडून बुकिंग केलं होतं त्यानं पैसे द्यायला सरळ नकार दिला, पावतीवर बारीक अक्षरात काय होतं ते आम्ही वाचलंच नव्हतं. बुक करताना 'हवामानामुळं रद्द झालं तर पूर्ण परत' हे लेखी घ्या आणि हनोईत एक दिवस मोकळा ठेवा.

पुरणपोळी

जेवणाचं काय? आई शाकाहारी आहेत का?

पंचगंगाकाठ

आई शाकाहारी, आबा रविवारचे. आईचा शुक्रवारचा उपासही असतो, अंबाबाईचा.

उचगावची वैशाली

मग मुक्काम शुक्रवारी येऊ देऊ नका, बुधवार-गुरुवार बघा. 'आन चाय' म्हटलं की त्यांना शाकाहारी कळतं, बुद्ध विहारांमुळं ती पद्धत त्यांच्याकडं आहे. पण माशाचं पाणी, न्वॉक माम, त्यांच्या भाजीत सहज पडतं, म्हणून बुक करतानाच सांगा आणि चढल्यावर पुन्हा सांगा. आम्हाला टोफू, भात, परतलेली पालेभाजी आणि फळं भरपूर मिळाली. बरोबर दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि भडंग न्या. कांदा-लसूण चटणीची पिशवी आम्ही डेकवर उघडली तर बोटीवरचा आचारी वास घेत वर आला, चव घेतली आणि त्याच्या भातावर घालून घेतली.

अजून एक, कोल्हापुरी चप्पल डेकवर घालू नका. ओल्या लाकडावर चामडं घसरतं. रबरी तळव्याचे बूट.

कुडाळचो

एवढं लांब कशाला? तारकर्लीला या, कर्ली नदीत हाउसबोट होती, माडांच्या सावलीत, मासे ताजे.

रंकाळा संध्याकाळ

तारकर्लीवर आमचं प्रेम आहेच, दर वर्षी येतो. केरळात अलप्पुळाला हाउसबोटीवर राहिलो तेही छान, फक्त संध्याकाळी साडेपाचला बोट बांधून ठेवतात, कारण रात्री मच्छीमारांची जाळी असतात. पण इथं प्रश्न आबांच्या फळ्यावरच्या सुळक्यांचा आहे. ते तारकर्लीत कुठनं आणणार?

कुडाळचो

ह्या पटला. येताना तारकर्ली करा.

सावली

एक वेगळी बाजू. सगळ्या मुक्कामी बोटी ठरवून दिलेल्या जागांवरच नांगर टाकतात, त्यामुळं हा लाँगच्या मुख्य भागात रात्री एका वेळी वीसेक बोटींचे दिवे दिसले, एकीवर कराओके चालू. एकांत हवा तर लान हा किंवा बाय तू लाँग, ही शेजारची आखातं. आणि तरंगता कचरा बघून वाईट वाटलं, थर्माकोलचे तुकडे खडकाच्या खाचेत अडकलेले. कुआ व्हान हे तरंगतं गाव बघायचं माझ्या मनात फार होतं. तिथल्या कुटुंबांना २०१४ मध्ये जमिनीवर वसवलं. मुलांना शाळा, दवाखाना मिळाला हे चांगलंच, पण आता तिथं राहती माणसं नाहीत, पर्यटकांसाठी नावा वल्हवायला ती किनाऱ्यावरून येतात. आमची नाव वल्हवणाऱ्या बाईंनी एका रिकाम्या घराकडं बोट दाखवलं आणि छातीवर हात ठेवला. तिचं होतं ते.

हिशोबी माणूस

वैशाली आणि रंकाळा यांचं वाचून मत थोडं बदललं. एकट्यानं, मित्रांबरोबर, दिवसाची पुरे. सत्तरीच्या माणसाला घाईघाईत सहा तास गाडीत बसवण्यापेक्षा मुक्काम बरा. पैसे निन्ह बिन्हमध्ये वाचवा.

पंचगंगाकाठ

मंडळी, परत आलोय. दिवाळी झाली, धागा वर काढतोय. तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलं होतं, तर काय झालं ते सांगणं माझं काम आहे.

आंबेवाडीच्या ताईंचं ऐकून आईला जायच्या आधी दोनदा रंकाळ्यावर बोटीत बसवलं. पहिल्यांदा माझा हात इतका घट्ट धरला की बांगडीचा वळ उठला. दुसऱ्यांदा हात सोडून तिनं पाण्यात बोटं बुडवली. मग म्हणाली, चला, पण खोलीतला दिवा रात्रभर चालू राहील आणि मी साडीला पिना लावून झोपणार.

बोट लान हा बाजूची घेतली, खोल्या वरच्या मजल्यावरच्या, मुक्काम बुधवारी. चढल्यावर दर्यावर्दींनी सांगितल्याप्रमाणं जॅकेटं बांधून बघितली. पोराच्या मापाचं खरंच नव्हतं. मागितलं, दहा मिनिटांत आणून दिलं. आईनं खोलीतून डेकपर्यंतची पावलं मोजली. एकवीस.

आबांबद्दल काय लिहू. पहिले सुळके दिसले तेव्हा ते उठून कठड्याशी गेले आणि जेवण लागलं तरी हलले नाहीत. मग वही काढून नातवाला फळ्यावर काढायचे तसंच चित्र काढून दाखवलं, आणि खडकवेडांनी सांगितलेली खाच त्यात भरली. म्हणाले, चाळीस वर्षं ही काढायची राहिली होती.

रात्री आई झोपली नाही. साडेबाराला मी बघायला गेलो तर ती डेकवर शाल घेऊन बसलेली, समोर बोटीवरचा गाईड, पंचविशीचा पोरगा. तिनं मला विचारलं, ह्याला विचार, इथली धोका पातळी किती? आता त्याला हे कसं समजावायचं! मी सांगितलं, आमच्या गावात राजाराम बंधारा आहे, नदी ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ ला धोका, आणि २०१९ मध्ये ती ५५ च्या वर गेली. तो ऐकत राहिला. मग त्यानं सांगितलं, २०२४ च्या सप्टेंबरमध्ये यागी वादळ आलं तेव्हा त्याच्या घराचं छप्पर गेलं, आई आणि बहीण पलंगाखाली बसून होत्या. घरात पाणी कुठवर आलं ते त्यानं हातानं दाखवलं, मांडीपर्यंत. आईनं उभं राहून आपलं दाखवलं, डोक्याच्या वर. भाषा एकमेकांची येत नव्हती, पण दोघं बराच वेळ हात वर-खाली करून बोलत होते. तो तिच्यासाठी आल्याचा चहा घेऊन आला. मी खोलीत जाऊन झोपलो.

पहाटे साडेपाचला आबा आणि आई दोघंही डेकवर. पाणी चकचकीत, बेटांच्या मधून पांढरं धुकं सरकत होतं, लांबवर एक बाई होडी वल्हवत चाललेली. आई समोरच्या खडकाकडं बघत होती. पायथ्याशी एक काळी ओली रेघ, तिला शिंपले चिकटलेले, पाण्यापासून चांगली पुरुषभर वर. ती म्हणाली, काल आपण आलो तेव्हा ही रेघ पाण्याखाली होती. आबांनी तिला एका भरतीचं सगळं समजावलं, पाणी कसं चढतं, कधी उतरतं. ती ऐकत होती पण रेघेवरून नजर हलली नाही. आमच्या घरात जिन्याजवळ अशाच दोन रेघा आहेत, २०१९ ची आणि २०२१ ची, रंग दिला तरी ओल धरून परत दिसतात. ती म्हणाली, इथं रोज उतरतं होय.

मग नाश्त्याला चटणी आणि दशमी काढली. वैशालीताई, आमचाही आचारी वर आला.

उचगावची वैशाली

वाचून डोळ्यांत पाणी आलं. सासूबाईंना आत्ताच वाचून दाखवतो.

खडकवेडा

आबांच्या वहीतल्या चित्राचा फोटो टाका ना.

आंबेवाडीची सून

एवढंच सांगा, दिवा खरंच रात्रभर चालू ठेवता आला का? माझ्या जावेला न्यायचंय. तिला अंधारात झोप लागत नाही, तेव्हापासून.

पंचगंगाकाठ

आला. बोटीचा जनरेटर रात्रभर चालतो, थोडी घरघर येते, म्हणून खोली मागच्या बाजूची घेऊ नका, मधली मागा. आई म्हणतेय जावेला तिचा नंबर द्या, विपूत (इथल्या खासगी निरोपात) पाठवतो. सकाळी दहानंतर करा, आधी देवपूजा असते.